जपानच्या लाइव्ह हाऊसमध्ये पहिल्यांदा जाताना: तिकिटापासून शेवटच्या गाडीपर्यंत

जपानी इंडी बँड, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतःच्या बळावर वाजवणारे छोटे बँड ऐकायचे असतील, तर ते लाइव्ह हाऊसमध्ये ऐका. लाइव्ह हाऊस म्हणजे शंभर-दोनशे माणसं उभी राहतील एवढी जागा. बहुतेक वेळा ती तळघरात असते. एका टोकाला जेमतेम गुडघाभर उंचीचा रंगमंच, दुसऱ्या टोकाला पेयांचा काउंटर. गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, गाणं सुरू होण्याआधी ड्रमरने काठ्यांवर मोजलेल्या मात्रा ऐकू येतात. आपल्याकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यात रंगलेली गाण्याची बैठक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही जवळीक वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नव्या माणसाला इथले रिवाज मात्र बुचकळ्यात टाकतात. तिकीट काढलेलं असलं तरी दारात पेयाचे वेगळे पैसे मागतात. कोणत्या बँडसाठी आलात, असं विचारतात. रांगेत पहिले उभे असलात तरी तुमच्या मागच्याला आधी आत सोडतात. ह्यातली एकही गोष्ट उगाच नाही. लहान जागा आणि लहान बँड तगून राहावेत म्हणून हा सगळा हिशोब बसवलेला आहे. तो समजला, की नियम पाठ करावे लागत नाहीत. शंभर माणसांच्या खोलीत तुम्ही एकटे म्हणजे प्रेक्षकांचा एक टक्का, हे लक्षात असू द्या.

कुठे जायचं

टोकियोत सुरुवात करायची तर शिमोकिताझावा ह्या भागातून. शिबुयाहून केइओ कंपनीच्या इनोकाशिरा लाइनची जलद गाडी तीन-चार मिनिटांत पोचवते, शिंजुकूहून ओदाक्यू लाइनने दहाएक मिनिटं लागतात. गल्ल्या अरुंद, जुन्या कपड्यांची आणि रेकॉर्डची दुकानं जागोजागी, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर अनेक लाइव्ह हाऊस. त्यातलं शेल्टर १९९१ पासून आहे. तिथे साधारण अडीचशे माणसं मावतात. आज मोठ्या सभागृहांत गाणारे कितीतरी बँड आधी तिथे वाजवून गेले आहेत. क्लब क्यू १९९४ चा. बेसमेंट बार आणि थ्री हे दोन्ही एकाच इमारतीच्या तळघरात शेजारी-शेजारी आहेत. कधी कधी दोन्हीकडे मिळून एकच कार्यक्रम असतो आणि प्रेक्षक ह्या खोलीतून त्या खोलीत ये-जा करतात.

टोकियोतल्याच कोएन्जी ह्या भागाचा बाज जरा खडबडीत. पंक, नॉइझ, सायकेडेलिक असलं काही आवडत असेल तर इकडे या. शोबोट कोएन्जी स्टेशनजवळ आहे. लाल भिंतींचा यूएफओ क्लब मात्र हिगाशी-कोएन्जीला, मारुनोउची मेट्रो लाइनवर आहे. नावं सारखी असली तरी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, हे निघण्याआधी नकाशात पाहून घ्या. शिंजुकूतलं लॉफ्ट १९७६ साली सुरू झालं आणि १९९९ मध्ये काबुकिचोत हललं. ते आकाराने बरंच मोठं आहे, पण जपानी रॉकचा इतिहास जिथे घडला अशा जागांत त्याचं नाव घ्यावंच लागतं. शिबुयातलं ला मामा १९८२ पासून चालू आहे.

टोकियोबाहेर जाणार असाल तर क्योतोसाठी एक संध्याकाळ राखून ठेवा, हा माझा आग्रह. जित्तोकू (१९७३) आणि ताकुताकू (१९७४) ही दोन्ही लाइव्ह हाऊस साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, जुन्या कोठारांत आहेत. लाकडी तुळया, जाड भिंती आणि त्यामुळे गिटारच्या आवाजाला येणारा एक ऊबदार गोलवा काँक्रीटच्या तळघरात मिळत नाही. ओसाकात नाम्बा बेअर्स आहे, १९८७ पासूनचं. बोरडम्स ह्या बँडचे एकेकाळचे गिटारवादक यामामोतो सेइइची ह्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि प्रयोगशील संगीताला तिथे कायम दार उघडं राहिलं.

कार्यक्रम निवडताना

प्रत्येक लाइव्ह हाऊसच्या संकेतस्थळावर महिन्याचं वेळापत्रक असतं. पान जपानीत असलं तरी ब्राउझरमधलं भाषांतर कामापुरतं पुरतं. फक्त बँडची नावं भाषांतरात विचित्र होतात, म्हणून ती मूळ लिपीतूनच कॉपी करून शोधा. प्रत्येक नावाची दोन-तीन गाणी ऐका. पंधरा-वीस मिनिटांचं हे काम टाळू नका, कारण दारातल्या प्रश्नाचं उत्तर इथूनच मिळणार आहे.

वेळापत्रकात काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'वनमन' म्हणजे पूर्ण संध्याकाळ एकाच बँडची. 'टूमन', 'थ्रीमन' म्हणजे दोन किंवा तीन बँड. अनेक बँड एका संध्याकाळी वाजवतात त्या प्रकाराला 'तायबान' म्हणतात. त्यात साधारण तीन ते पाच बँड, प्रत्येकाला तीसेक मिनिटं, मध्ये सामान बदलायला दहा-पंधरा मिनिटं. 'रेकोहात्सु' म्हणजे नव्या रेकॉर्डच्या प्रकाशनाचा कार्यक्रम. 'किकाकू' म्हणजे एखाद्या बँडने किंवा आयोजकाने स्वतः जुळवून आणलेली संध्याकाळ.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तायबान निवडावं, आणि जमलं तर एखाद्या बँडचं किकाकू. वनमनला सगळे त्या बँडचे जुने चाहते असतात, गाणी पाठ असतात, आपण थोडे बाहेरचे ठरतो. तायबानला निम्म्याहून जास्त प्रेक्षकांना निम्मे बँड नवीन असतात. किकाकूमध्ये बँड आपल्याला मनापासून आवडणाऱ्या दुसऱ्या बँडना बोलावतो. एका आवडीच्या नावावरून आणखी तीन नावं हाती लागतात, आणि ती बहुधा चांगली निघतात. नुसतं खोली भरायला चार बँड एकत्र आणलेली संध्याकाळही असते. ती कधी फार सुंदर होते, कधी साफ विस्कळीत.

वेळापत्रकाखेरीज दुसरा स्रोत म्हणजे रेकॉर्डची दुकानं. शिमोकिताझावातल्या डिस्क युनियनमध्ये किंवा जेट सेटमध्ये इंडी विभागात जा, दुकानातल्या माणसांनी हाताने लिहिलेल्या शिफारशींच्या चिठ्ठ्या बघा. दाराशी कार्यक्रमांची पत्रकं ठेवलेली असतील तर दोन-चार उचला.

तिकीट: तीन वाटा

जाहिरातीत दोन दर दिसतात. 'माएउरी' म्हणजे आगाऊ, 'तोजित्सु' म्हणजे त्याच दिवशी दारात. फरक बहुधा पाचशे येनांचा. छोट्या तायबानला साधारण दोन ते साडेतीन हजार येन, वनमनला त्याहून थोडे जास्त. एक हजार येन म्हणजे साधारण साडेपाचशे-सहाशे रुपये धरा. ह्या दराच्या पुढे जवळजवळ नेहमी 'अधिक एक ड्रिंक' असं लिहिलेलं असतं. त्याबद्दल पुढे.

पहिली वाट तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांची: ई-प्लस, तिकीट पिया, लॉसन तिकीट, लाइव्हपॉकेट वगैरे. जपानमध्ये राहणाऱ्यांना हे सोपं आहे. नोंदणी करायची, लॉसन, फॅमिलीमार्ट किंवा सेव्हन-इलेव्हन अशा कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जाऊन पैसे भरायचे, तिथेच कागदी तिकीट घ्यायचं. भारतातून नोंदणी करताना अनेकदा जपानी मोबाइल क्रमांकापाशी गाडी अडते. ओळखीचं कुणी तिकडे असेल तर त्यांना विनंती करा. पुण्यात जपानी शिकलेली किती मुलं-मुली आज जपानमध्ये नोकरी करतात, हे पाहता बहुतेक मराठी घरांना असं कुणीतरी सापडेलच. दुसऱ्याचं तिकीट चढ्या भावाने विकणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. २०१९ पासून जपानमध्ये तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध कायदा आहे. शिवाय दोनशे माणसांच्या खोलीसाठी त्याची गरज क्वचितच पडते.

दुसरी वाट मला सगळ्यात आवडते: 'तोरिओकी', म्हणजे नाव सांगून जागा राखून ठेवणं. बँडच्या एक्स किंवा इन्स्टाग्राम खात्यावर, नाहीतर लाइव्ह हाऊसच्या ईमेलवर थेट निरोप पाठवायचा. त्यात कार्यक्रमाची तारीख आणि जागा, तुमचं नाव, किती माणसं आणि कोणत्या बँडसाठी, एवढं पुरे. नाव काताकाना, म्हणजे जपानीत परदेशी नावं ज्यात लिहितात त्या लिपीतही लिहा, म्हणजे दारातल्या माणसाला यादीत शोधायला सोपं जातं. आडनाव लांब असेल तर नुसतं पहिलं नाव द्या. इंग्रजीत चार साधी वाक्यं लिहिली तरी उत्तर येतं, आणि ते बहुतेकदा बँडमधलंच कुणीतरी लिहितं. पैसे दारात द्यायचे, तेही आगाऊ दराने.

ह्या सोयीची एक जबाबदारी आहे. बेत बदलला तर आदल्या दिवशी तरी कळवा. आगाऊ पैसे घेतलेले नसतात, म्हणून न सांगता गैरहजर राहणं सोपं असतं. पण तुमचं नाव धरून बँडने आपली माणसं मोजलेली असतात.

तिसरी वाट सरळ दारात जाण्याची. आठवड्याच्या मधल्या दिवशी, फारसं नाव नसलेल्या बँडच्या तायबानला ती सहज चालते. "तोजित्सुकेन, इचिमाइ ओनेगाइशिमास," म्हणजे आजचं एक तिकीट द्या. शनिवार-रविवारी किंवा नाव झालेल्या बँडसाठी ह्यावर विसंबू नका.

दारात काय होतं

जाहिरातीत दोन वेळा असतात, उदाहरणार्थ ओपन १८:३०, स्टार्ट १९:००. दोन्ही खऱ्या असतात. सातचा कार्यक्रम सातलाच सुरू होतो, फार तर पाच मिनिटं इकडे-तिकडे. नवखा बँड बहुधा सगळ्यात आधी वाजवतो आणि त्याला मिळालेली तीस मिनिटं वाढत नाहीत. म्हणून साडेसहाला पोचा.

तिकिटावर क्रमांक असेल तर आत जाण्याचा क्रम त्या क्रमांकाचा, रांगेचा नाही. दारावरचा माणूस दहा-दहाच्या गटाने क्रमांक पुकारतो, तेव्हा शंभरपर्यंतचे जपानी आकडे कानाला सवयीचे असू द्या. तुमचा क्रमांक येऊन गेला असेल तर काही बिघडत नाही, दिसेल त्या ओळीत मागून आत जा. आगाऊ तिकीटवाले आधी, मग तोरिओकीवाले, शेवटी दारात तिकीट घेणारे, असा साधारण क्रम असतो.

मग तो प्रश्न येतो: "ओमेआते नो बांदो वा?" कोणत्या बँडसाठी आलात? हा गप्पांचा प्रश्न नाही. अनेक लाइव्ह हाऊसमध्ये बँडला ठराविक संख्येची तिकिटं खपवण्याची हमी द्यावी लागते. ह्या हमीला 'नोरुमा' म्हणतात. तिकिटं कमी खपली तर तूट बँडने आपल्या खिशातून भरायची. हमीपेक्षा जास्त माणसं आली, तर वरच्या पैशांत बँडला वाटा. दारातला माणूस प्रत्येक बँडच्या नावापुढे खुणा करत असतो आणि तुमच्या उत्तराने त्यातली एक खूण पडते. दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात काम करून रात्री वाजवणाऱ्या तरुणांसाठी अशा दहा खुणा म्हणजे मोठा फरक. म्हणून "कुणीही चालेल" असं उत्तर देऊ नका. घरी ऐकलेल्या गाण्यांतून जे नाव मनात राहिलं, ते स्पष्ट उच्चारा. उच्चाराची खात्री नसेल तर फोनवर नाव दाखवा.

ह्यानंतर पेयाचे पैसे, हल्ली बहुतेक ठिकाणी सहाशे येन. ते सगळ्यांनी द्यायचेच असतात, दारू पीत नसलात तरीही. कारण असं, की बरीचशी लाइव्ह हाऊस नाट्यगृहासारख्या परवान्यावर चालत नाहीत, खानपानगृहाच्या परवान्यावर चालतात, आणि खानपानगृहाने काहीतरी विकलं पाहिजे. ह्या पैशांवर जागेचं भाडंही निघतं. बदल्यात चिठ्ठी, नाणं किंवा प्लास्टिकची चकती मिळते, ती काउंटरवर द्यायची. बिअर आणि हायबॉल (सोडा घातलेली व्हिस्की) असतातच, ऊलाँग चहा, जिंजर एल, संत्र्याचा रसही असतो. दारूसाठी वय वीस पूर्ण हवं. पर्यटक म्हणून गेला असाल तर पासपोर्ट आणि तिथे राहत असाल तर रहिवासी कार्ड कायद्याने जवळ ठेवावंच लागतं. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांना ते दारात हमखास मागतात.

रोख पैसे घेऊन जा. हजाराच्या नोटा आणि पाचशे-शंभरची नाणी. दहा हजारांची नोट पुढे केली तर मागची रांग थांबते. इलेक्ट्रॉनिक तिकीट असेल तर जिना उतरण्याआधीच फोनवर उघडून ठेवा, तळघरात नेटवर्क दगा देतं.

आत गेल्यावर

पाठीवरची मोठी पिशवी आणि हिवाळ्यातला जाड कोट आत नको. स्टेशनवर किंवा लाइव्ह हाऊसच्या जिन्यात कॉइन लॉकर असतात, त्यात ठेवा. त्यासाठी शंभराची नाणी लागतात. कानात घालायचे बुच मात्र जरूर घ्या. छत बुटकं असतं, स्पीकर डोक्याशी असतात आणि तीन तास त्या आवाजात काढायचे असतात.

उभं कुठे राहायचं, ह्याचा न लिहिलेला नियम मला फार सुंदर वाटतो. ज्या बँडचे चाहते, त्या बँडच्या वेळी ते पुढे येतात. बँड बदलताना हळूच मागे सरकतात आणि पुढच्या बँडच्या चाहत्यांना जागा देतात. तुम्ही ज्याच्यासाठी आलात त्याच्या वेळी पुढे जा, एरवी मध्ये किंवा मागे राहा. ध्वनिमिश्रण करणारा माणूस मागे बसतो, त्याच्या आसपास आवाज सगळ्यात समतोल मिळतो. उंच असाल तर कडेला उभे राहा.

गाणं चालू असताना बोलत नाहीत. शांत, ॲकॉस्टिक (विजेवरच्या वाद्यांविना) संगीत असेल तर पेल्यातल्या बर्फाचाही आवाज होऊ न देणारे लोक असतात. नव्या पाहुण्याला हे थंडपणाचं वाटू शकतं, कारण दाद गाणं संपल्यावरच येते, मध्ये आरोळ्या क्वचित. त्या शांततेत लोक फार लक्ष देऊन ऐकत असतात. कोएन्जीतल्या पंकच्या रात्री उलट: धक्काबुक्की, उड्या, हात वर. आजूबाजूला बघा आणि तसं वागा. कुणी पडलं तर सगळे थांबून उचलतात.

दोन गाण्यांमधल्या बोलण्याला 'एमसी' म्हणतात. जपानी येत नसेल तरी कान द्या, पुढच्या कार्यक्रमाची तारीख आणि विक्रीच्या टेबलाची घोषणा त्यातच होते.

फोटो काढायचे नाहीत, असं धरून चला. परवानगी असेल तर बँड रंगमंचावरून सांगतो किंवा भिंतीवर लिहिलेलं असतं. शंका असेल तर कर्मचाऱ्याला विचारा: "शाशिन, दाइजोबु देस का?" हो म्हणाले तरी एक-दोन फोटो पुरे. छोट्या खोलीत वर धरलेला एक फोन मागच्या पाच जणांचा रंगमंच झाकतो.

आणि आपला बँड झाला म्हणून लगेच निघून जाऊ नका. नंतरच्या बँडसमोर रिकामी जमीन उरते, आणि तुमच्या बँडने ज्यांच्यासोबत वाजवायचं ठरवलं त्यांना ऐकायची संधीही जाते. बाहेर जाऊन परत यायचं असेल तर आधी विचारा. काही ठिकाणी पुन्हा प्रवेश नसतो, काही ठिकाणी पेयाचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

विक्रीचं टेबल

मागच्या कोपऱ्यात 'बुप्पान' असतं: सीडी, कॅसेट, टी-शर्ट, स्टिकर. छोट्या कार्यक्रमात टेबलामागे बँडमधलीच माणसं उभी असतात, पाच मिनिटांपूर्वी रंगमंचावर होती तीच. इथे खर्च करण्यासाठी दोन-तीन हजार येन बाजूला ठेवा. नोरुमाचं गणित बघितलं तर तिकिटाचा फार थोडा भाग बँडपर्यंत पोचतो. टेबलावरच्या विक्रीचा त्यांना मिळणारा वाटा त्याहून खूप मोठा असतो. क्यूआर कोडने पैसे घेणारे वाढले आहेत, पण त्यातली बरीच ॲप जपानी खात्याशिवाय चालत नाहीत, म्हणून इथेही रोखच.

बोलायला संकोचू नका. "योकात्ता देस" म्हणजे छान झालं, "इंदो कारा किमाश्ता" म्हणजे भारतातून आले. एवढ्या दोन वाक्यांवर संवाद सुरू होतो. कोणतं गाणं आवडलं ते सांगा, त्याने त्यांचे चेहरे उजळतात. घेतलेल्या सीडीवर सही मागितलेली चालते, सोबत फोटो हवा असेल तर आधी विचारा. मिठी वगैरे नको, किंचित वाकून नमस्कार पुरे. आणि मागे रांग असेल तर दोन मिनिटांत आवरतं घ्या. पुढच्या कार्यक्रमाची तिकिटं बँड कधी कधी इथेच हातोहात विकतात. परतीच्या विमानाच्या आधी आणखी एखादी संध्याकाळ मोकळी असेल, तर ती अशी भरावी.

जेवण आणि परतीची गाडी

कार्यक्रम लवकर सुरू होतो, त्यामुळे जेवण एक तर पाचच्या सुमारास किंवा दहानंतर. शाकाहारी असाल तर आधीच पोटभर खाऊन जा, कारण लाइव्ह हाऊसमध्ये पेयांपलीकडे फारसं काही नसतं. शिमोकिताझावात करीची दुकानं भरपूर आहेत, पण जपानी करीच्या रश्शात मांसाचा अर्क असणं ही नेहमीची गोष्ट आहे. भाजीची करी दिसली तरी विचारून घ्या.

कार्यक्रम साधारण साडेनऊ-दहाला संपतो. बाहेर पडल्यावर दारासमोर घोळका करून उभं राहू नका. वरच्या मजल्यांवर आणि समोर लोकांची घरं असतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी लाइव्ह हाऊसच्या जिवावर बेततात, म्हणून कर्मचारी बाहेर येऊन नम्रपणे पांगायला सांगतात. गप्पा स्टेशनकडे चालता चालता करा.

शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. त्यानंतर पहाटे साडेचार-पाचपर्यंत रेल्वे नाही आणि टॅक्सी महाग. कोएन्जीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी चुओ लाइनची जलद गाडी कोएन्जीला थांबत नाही, पिवळ्या पट्ट्याची चुओ-सोबू धिमी गाडी घ्यावी लागते. निशि-कासाइमध्ये, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात, तिथून येणाऱ्यांची मात्र सोय आहे. तोझाइ लाइनच्या मिताकापर्यंत जाणाऱ्या गाड्या थेट कोएन्जीला थांबतात, कुठेही बदलावं लागत नाही. फक्त काही गाड्या कोएन्जीच्या एक स्टेशन आधी, नाकानोलाच संपतात, तेव्हा चढण्याआधी फलाटावरच्या पाटीवर गाडी कुठवर जाते ते वाचा, आणि परतीची शेवटची थेट गाडी किती वाजता आहे ते कार्यक्रमाला निघण्याआधीच बघून ठेवा.